गोधडीतले एकरंगी तुकडे

त्या सकाळी मी आत दाढी करत होतो आणि बायको पडवीत बसून लुगडी फाडत होती. गोधडीसाठी कापड फाडताना चर्र असा लांब आवाज येतो. इतकी वर्षं ऐकून तो आवाज मला घड्याळाच्या टिकटिकीसारखा झाला होता, म्हणजे ऐकू यायचाच नाही. त्या दिवशी तो मध्येच थांबला आणि मग मला तो ऐकू आला. बाहेर येऊन पाहिलं तर ती भिंतीला टेकली होती, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि डाव्या हातात कापडाचं टोक तसंच होतं.

शहापूरला नेलं, तिथून ठाण्याला. अठरा दिवसांनी सापगावच्या घरी परत आणलं. उजवा पाय घासत का होईना उचलायला लागली होती. उजवा हात मात्र गेला, आणि बोलणं गेलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं होतं, "त्यांना सगळं कळतंय. शब्द सापडत नाहीयेत. तुम्ही बोलत राहा."

मी तालुक्याच्या कचेरीत कारकून म्हणून निवृत्त झालेला माणूस. घरात बोलत राहायची सवय मला कधीच नव्हती. बोलायची ती. मी ऐकतोय असं दाखवायचो.

तिच्याजवळ एकच शब्द उरला होता, नाय. चहा हवा का विचारलं तर नाय. मी कप उचलून न्यायला लागलो की डाव्या हाताने माझा सदरा धरायची, म्हणजे हवा असायचा. पहिले पंधरा दिवस मी तिला कितीतरी वेळा उपाशी ठेवलं असेन, नुसता तो शब्द खरा मानून. मग हळूहळू कळायला लागलं की त्या एका शब्दाचे चार-पाच शब्द झालेले आहेत. तोडून म्हटलेला नाय म्हणजे खरंच नको. लांबवलेला नाय म्हणजे अजून थांब. खाली मान घालून म्हटलेला म्हणजे हो. कल्याणला दिलेली आमची मुलगी दर रविवारी यायची. तिला हा फरक कळायचा नाही आणि मग ती मोरीत तोंड धुवायला जाऊन बराच वेळ यायची नाही.

फाडायला घेतलेली लुगडी मी एका चादरीत बांधून कपाटावर ठेवली होती. ती आमची नव्हती. बायकोचं माहेर धसईच्या पुढे डोंगराच्या बाजूला. तिथल्याच एका बाईने ती दिली होती. दोघी लहानपणी बरोबर गुरांमागे जायच्या. तिची आई पावसाळा संपता संपता गेली. आईची सहा लुगडी राहिली होती, त्यांची एक गोधडी करून हवी होती तिला. माझी बायको वीसेक वर्षं गोधड्या शिवत होती. बायका जुनी लुगडी आणून द्यायच्या, ती त्यांतला छापील चांगला भाग वर घ्यायची, विरलेला आत घालायची. आणि मध्ये मध्ये नवं, एकाच रंगाचं, बिनछापाचं कापड स्वतः जाऊन निवडून आणायची. सगळा छापच छाप झाला तर डोळ्याला बसायला जागा राहत नाही, असं ती कुणाला तरी सांगताना मी ऐकलं होतं. मला सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

माघात ती मैत्रीण आली. बाहेरच चप्पल काढून, पदर सावरत आत आली आणि बायकोला पाहून दारातच उभी राहिली. मग पुढे होऊन तिच्या पायाशी बसली.

"कशी हायस गो?"

"नाय," बायको म्हणाली.

"व्हय गो. दिसतंय मला."

थोडा वेळ तिने बायकोचा निर्जीव हात आपल्या मांडीवर घेऊन ठेवला. चहा झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, ती लुगडी द्या मना परत. हिच्या जिवाला कशाला त्रास. आमच्याकडं बी एक बाई शिवते, तिच्याकडं देईन."

मला ते योग्यच वाटलं. मी कपाटावरून गाठोडं काढलं आणि तिच्याकडे देत होतो, तेवढ्यात बायको पलंगावरून इतकी पुढे झाली की पडेल असं वाटलं. डाव्या हाताने तिने गाठोड्याची गाठ पकडली.

"नाय."

तोडून म्हटलेला नाय होता तो.

"अगं, तुला जमायचं नाय आता," मी म्हणालो. आजारपणानंतर तिला पहिल्यांदाच असं काही बोललो असेन. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गाठोडं ओढून छातीशी धरलं. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आली तीही पुसू दिली नाही.

मैत्रीण उठली. दारात जाऊन मला हळू आवाजात म्हणाली, "राहू द्या तिच्याजवळ. व्हईल तवा व्हईल. नाय झाली तरी राहू द्या."

त्याच संध्याकाळी बायकोने गाठोडं एका हाताने सोडलं आणि सहा लुगडी पलंगावर पसरली. मग रिकामी जागा दाखवावी तशी दोन लुगड्यांच्या मधे तळहात ठेवून माझ्याकडे पाहत राहिली. तिला कापड हवं होतं. हे मला पहिल्याच वेळी कळलं, याचा अजूनही आनंद आहे.

दुसऱ्या दिवशी मी शहापूरला गेलो. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत ब्लाऊज पीस आणि अस्तराचं कापड विकणारं एक दुकान आहे, ती तिथूनच घ्यायची. मी दुकानदाराला म्हणालो, "गोधडीत लावायला प्लेन कापड द्या. लाल."

"कुठला लाल, काका?"

लाल म्हणजे लाल, असं माझ्या तोंडावर आलं होतं. त्याने चार तागे समोर टाकले. एक मिरचीसारखा, एक विटेसारखा, एक डाळिंबी, एक कुंकवाचा. मी कुंकवाचा घेतला. आमच्या घरात ज्या गोधड्या होत्या त्यांच्यात तो पाहिल्यासारखा वाटत होता.

तिने कापड हातात घेतलं, लुगड्यांवर ठेवलं आणि म्हणाली, "नाय." मी दुसऱ्या दिवशी डाळिंबी आणला. नाय. मग विटकरी. विटकरी तिने थोडा वेळ ठेवून पाहिला आणि मग बाजूला सारला. दुकानदार भला माणूस, कापलेलं कापडही परत घ्यायचा. चौथ्या खेपेला तोच म्हणाला, "काका, असं किती दिवस करणार? हे घेऊन जा." आणि त्याने मला अस्तराचं शेड कार्ड दिलं. घडीचा पुठ्ठा, त्यावर बोटभर रुंदीच्या कापडाच्या पट्ट्या चिकटवलेल्या, प्रत्येकीखाली नंबर. कितीतरी हिरवे, कितीतरी पिवळे. मी आयुष्यात एवढे रंग एका जागी बघितले नव्हते, किंवा बघितले असतील आणि मोजले नसतील.

ते कार्ड तिच्या मांडीवर ठेवलं. ती दिवसभर त्याच्याशी होती. मी जेवण भरवत होतो तेव्हाही तिचं डावं बोट पट्ट्यांवरून फिरत होतं. दुपारी उन्हाचा पट्टा दारातून आत आला तेव्हा तिने मला खुणेने लुगडी तिकडे ओढायला लावली, आणि स्वतः पाय घासत दारापर्यंत आली. आजारपणानंतर आपणहून ती इतकं पहिल्यांदाच चालली. उंबऱ्याजवळ बसून तिने डोळे अर्धे मिटले, उन्हाने डोळे दिपल्यासारखे. पट्टीकडे बघायची, लुगड्याकडे बघायची. मला वाटलं तिला चक्कर येतेय.

"काय होतंय?"

"नाय." लांबवून. थांब जरा.

मीही तिच्या शेजारी बसलो आणि डोळे अर्धे मिटून पाहिलं. काय सांगू, लुगड्यांवरची फुलं, पानं, ठिपके सगळं विरघळून गेलं आणि नुसता काळोख-उजेड राहिला. कुठलं लुगडं गडद, कुठलं फिकं, ते एकदम वेगळं दिसायला लागलं. सहापैकी चार लुगडी सारखीच काळपट होती. त्यांच्यात कुंकवाचा लालही तसाच काळा पडला असता, आणि उजेड कुठेच राहिला नसता. मला हे साठीच्या पुढे कळलं. ती वीस वर्षं हे करत होती, याच उंबऱ्यावर, माझ्यासमोर.

तिने तीन पट्ट्यांवर बोट ठेवलं. एक शेवाळी. एक राखेत निळ्याचा थेंब पडावा तसा. आणि एक पिवळा, पण हळदीचा नाही. कापणीला आलेल्या भाताच्या ओंबीला धूळ बसते, तसा मळकट पिवळा. मी नंबर कागदावर लिहून घेतले. कारकुनाला नंबर आला की जरा धीर येतो.

त्या संध्याकाळी मला एक जुनी गोष्ट आठवली. लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. शहापूरच्या बाजारात ती दोन्ही हातांत दोन कापडं धरून उभी होती, आणि मला विचारत होती, "अवो, यातलं कुठलं?" मी एस.टी.च्या वेळेकडे बघत होतो. "कुठलंबी घे, लवकर कर," असं म्हणालो होतो. एवढंच. भांडण नाही, रुसवा नाही. पण त्यानंतर तिने मला कधीही, कुठल्याही कापडाबद्दल विचारलं नव्हतं. ती विचारायची थांबली, हेसुद्धा माझ्या लक्षात यायला तिची वाचा जावी लागली.

कापड आणल्यावर मी लगेच कापायला घेणार होतो. तिने अडवलं. बादलीकडे बोट दाखवलं, मग मिठाच्या बरणीकडे. नवं कापड आधी मिठाच्या पाण्यात भिजवून ठेवायचं. रंग जाणारा असेल तर तिथेच जाऊ द्यायचा, आटायचं असेल तेवढं आटू द्यायचं. नाहीतर पहिल्या धुण्यात शेवाळी रंग म्हाताऱ्या लुगड्याच्या पांढऱ्या फुलांत उतरला असता. तीन बादल्यांत तीन रंग भिजत पडले. शेवाळी थोडा गेला, बाकीचे राहिले. हे सगळं तिने मला एका हाताने आणि एका शब्दाने शिकवलं.

शिवायला मी बसलो. दुसरं कोण होतं? सुईत दोरा ओवायलाच माझी अर्धी सकाळ जायची. ती तुकडे कुठे ठेवायचे ते दाखवायची, मी टाचायचो. माझे टाके शेतातल्या बांधासारखे, कुठे रुंद, कुठे अरुंद, कुठे वळण घेतलेले. पहिली ओळ संपवून मी मोठ्या अभिमानाने तिच्यापुढे धरली. तिने ती डोळ्यांजवळ नेली, बोटाने चाचपली. तिचे ओठ हलायला लागले. चेहरा ताणला, जणू खोल विहिरीतून बादली ओढतेय. आणि ती म्हणाली,

"उसव."

मी ऐकत राहिलो. तीही दचकली असावी, कारण तिने डावा हात तोंडाशी नेला.

"काय म्हणालीस?"

"उसव," ती पुन्हा म्हणाली.

तीन महिन्यांत आलेला दुसरा शब्द होता तो. मी मुलीला फोन लावला. मला नीट बोलताही येईना. "आई बोलली," एवढंच म्हणालो. तिकडून मुलगी रडत विचारतेय, "काय बोलली? बाबा, काय बोलली?" आणि मी सांगतोय, "उसव म्हणाली. मी शिवलं ते उसव म्हणाली." मग आम्ही दोघंही हसलो. ती संपूर्ण ओळ मी आनंदाने उसवली.

पण पुढच्या रविवारी मुलगी आली तेव्हा ती ओळ पाचव्यांदा उसवली जात होती. माझ्या बोटांना चिंध्या बांधल्या होत्या, बायको घामाने भिजली होती. मुलीने सुई माझ्या हातातून काढून घेतली.

"बाबा, काय चाललंय हे? ती दमतेय. तुम्ही दमताय. कल्याणला मशीनवर करून मिळतं हे सगळं दोन दिवसांत. मी देते करून."

"मैत्रिणीला शब्द दिलाय तिने."

"शब्द?" मुलगी म्हणाली आणि मग तिला आपण काय बोललो ते कळलं. बायकोने तिच्याकडे हात केला, जवळ बसवलं आणि सुई परत माझ्या हातात द्यायला लावली. त्या रविवारी मुलीने स्वयंपाक केला आणि जाताना दोऱ्याची तीन रिळं ठेवून गेली. पुन्हा तो विषय काढला नाही.

मे महिन्यात मी एक चूक केली. ती लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही.

मळका पिवळा संपला. चार तुकडे कमी पडत होते. शहापूरच्या दुकानात तो नंबर नव्हता, कधी येईल सांगता येत नव्हतं. दुकानदाराने त्याच्याच शेजारचा नंबर दाखवला, जरासा उजळ, हळदीच्या बाजूचा. मला वाटलं, चालेल. खरं सांगायचं तर मला असं वाटलं की तिला कळणार नाही. डॉक्टर म्हणाले होते की उजव्या बाजूचं तिला कमी दिसतं. मी ते चार तुकडे गोधडीच्या उजव्या कडेला लावले. ती दुपारी झोपलेली असताना लावले. एवढं करणाऱ्या माणसाला आपण चूक करतोय हे ठाऊक असतं.

उठल्यावर तिने गोधडी मांडीवर ओढली. हात फिरवत फिरवत उजव्या कडेला आली आणि थांबली. मान वळवून, डावा डोळा तिकडे आणून पाहिलं. मला वाटलं आता उसव म्हणेल. ती काहीच म्हणाली नाही. गोधडी माझ्याकडे सरकवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

त्या दिवशी ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चहाला नाय नाही, पेजेला नाय नाही. जे पुढे केलं ते गिळलं. घरात त्या दोन दिवसांइतकी शांतता आजारपणातही नव्हती. आजारपणात निदान ती झगडत होती. आता मला वाटलं, या घरात जे एक काम तिच्या मताने चाललं होतं, तेही मी तिच्याकडून काढून घेतलं.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना बसवून मी निघालो. खिशात शेड कार्डावरून कापलेली ती पट्टी होती. आधी मुरबाडला उतरलो. तिथे तीन दुकानं पाहिली. दोघांकडे तसा रंग होता पण टेरीकॉटमध्ये, आणि त्यात सुई जात नाही, एवढं मी शिकलो होतो. तिसऱ्याने सांगितलं, धसईला बघा, तिथे जुना माल पडलेला असतो. धसईला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. भाजीवाल्यांचा बाजार उठत होता. एका शिंप्याने दुकानातच थोडं कापड ठेवलं होतं. त्याने माळ्यावरून धुळीचा एक तागा काढला. आतल्या अंधारात तो बदामी दिसत होता.

"उजेडात नेऊ का?" मी विचारलं.

"न्या की."

मी पायरीवर जाऊन पट्टी ताग्यावर ठेवली आणि डोळे अर्धे मिटले. शिंपी मशीन थांबवून माझ्याकडे बघत होता.

"डोल्यात काय गेला काय, काका?"

"नाही," मी म्हणालो. "हाच पाहिजे."

घडीवर उन्हाने उडालेली एक रेघ होती, ती सोडून मी कापड घेतलं. घरी येऊन तिच्यासमोर ठेवलं, आणि तिच्या देखत, एकेक टाका कापून, ते चार हळदी तुकडे काढले. माफी मागायची सवय बोलायच्या सवयीहूनही कमी होती. तिने नवं कापड हातात घेतलं, दाराकडे नेऊन पाहिलं. मग मिठाच्या बरणीकडे बोट दाखवलं.

गोधडी भाताची लावणी आटोपली तेव्हा पुरी झाली. पाऊस जरा उघडल्यावर आम्ही भाड्याची गाडी करून तिच्या माहेरच्या बाजूला गेलो. मैत्रीण अंगणात वाट बघत होती. तिने आम्हाला ओटीवर बसवलं, आणि गोधडी बाजेवर पसरली. आईच्या एकेका लुगड्यावर तिने हात ठेवला. "ह्या माझ्या लग्नातला." "ह्या नेसून ती बाजारात जायची." मग एकरंगी तुकड्यांवरून हात फिरवला. शेवाळी, राखाडी, पिवळा. तिच्या कपाळावर आठी आली.

"लाल नाय टाकलास गो कुठं?"

मला वाटलं, तिला आवडली नाही. इतके महिने, आणि तिला लालच हवा होता. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

"नाय," बायको म्हणाली. शांतपणे.

मैत्रीण बाजेच्या कडेवर बसली.

"नाय ना," ती म्हणाली. "बरा केलास. बाबा गेला तवा मी पाच वर्साची. तवापासून आईच्या अंगावर लाल नाय बगितला मी."

थोड्या वेळाने, आमच्याकडे न बघता, म्हणाली, "आवडायचा पन तिला. दुकानात हात लावून बगायची."

परतताना गाडीत मी विचार करत होतो. सहा लुगडी मी रोज समोर पसरलेली बघत होतो. त्यांत लालाचा एक ठिपका नव्हता. बायको त्या घरात लहानपणापासून जात-येत होती, तिला ते माहीत होतं की तिने लुगड्यांवरूनच ओळखलं, हे मला कधी कळणार नाही. आणि त्या म्हाताऱ्या बाईला, जिला लाल हात लावून बघायला आवडायचा, तिला मेल्यावर तरी एक तुकडा मिळायला हवा होता का, हेही मला ठरवता येत नाही. बायकोने ठरवलं होतं. तिच्याकडे कारण असणार. मी ते विचारायला दोन-तीन वेळा तोंड उघडलं, पण ज्याचं उत्तर एका शब्दात मावणार नाही असा प्रश्न तिला विचारणं क्रूरपणा वाटला.

त्यानंतरचे दोन-अडीच महिने आमच्या संसारातले फार चांगले महिने होते, असं मी आज म्हणेन. आणखी दोघीतिघी लुगडी देऊन गेल्या. आम्ही एक दुपटं केलं, त्यात तिने पोपटी घ्यायला लावला आणि मला तो आधी भडक वाटला, नंतर नाही. माझे टाके बारीक व्हायला लागले होते. तिचे शब्द पाच-सहा झाले होते. मुलीला नावाने हाक मारता यायला लागली होती.

आश्विनात तिला दुसरा झटका आला. लहान होता, डॉक्टर म्हणाले. चार दिवसांत घरी आलो. हात-पाय होते तसेच राहिले, म्हणून मला आधी वाटलं, निभावलं.

आठवड्याभराने मी शेड कार्ड तिच्या मांडीवर ठेवलं. तिने ते हातात घेतलं, उलटं केलं, पुठ्ठ्याच्या कोऱ्या बाजूवरून बोट फिरवलं. मी सरळ करून दिलं. मग मी दोन कापडं तिच्यापुढे धरली, एक जांभळं, एक फिकं गुलाबी. अर्धवट शिवलेल्या गोधडीत दोन्ही एकमेकांजवळ अजिबात न बसणारी. तिने जांभळ्यावर हात ठेवला, मऊ लागलं म्हणून हसली. मग गुलाबीवर ठेवला, तशीच हसली. मी मुद्दाम भगभगीत टेरीकॉटचा तुकडा पुढे केला. त्यालाही हसली. तिचा चेहरा इतका निवांत होता की बघणाऱ्याला बरं वाटावं. मी उठून मागच्या दारी गेलो आणि विहिरीच्या कठड्याशी उभा राहिलो. एवढं रडलेलो मी वडील गेले तेव्हाही नव्हतो.

ज्यांची लुगडी आली होती ती मी परत नेऊन दिली. एकीने आग्रह केला, "तुमीच करा ना दादा," पण मला धीर झाला नाही. दुसऱ्याच्या आईचं लुगडं, चूक दाखवणारं कुणी नाही. महिनाभर सुई उचलली नाही.

मग थंडी पडली आणि तिच्या पायांवर घालायची गोधडी पाहिली तर ती विरून गेलेली. मी घरातल्या सगळ्या पाहिल्या. ज्या चांगल्या होत्या त्या वर्षानुवर्षं लोकांकडे गेल्या होत्या. आमच्याकडे राहिलेल्या उरल्यासुरल्या तुकड्यांच्या होत्या. तिने स्वतःसाठी म्हणून रंग निवडलेली एकही नव्हती.

तिची जुनी लुगडी काढली. मुलगी रविवारी आली होती, ती म्हणाली, "मीपण येते दुकानात." आम्ही दोघं शहापूरला गेलो. मुलगी तागे उचलून पायरीवर नेत होती, मी लुगड्याचा तुकडा वर ठेवून बघत होतो. ती दोनदा म्हणाली, "बाबा, हा छान आहे ना?" मी दोन्ही वेळा थांबून, बघून उत्तर दिलं. शेवटी चिंचेच्या कोवळ्या पानाचा हिरवा घेतला आणि एक गडद निळा. हे रंग बायकोने घेतले असते का, ठाऊक नाही. ती हिरव्याला नको म्हणाली असती असं कधी कधी वाटतं, आणि मग मी तो भाग पुन्हा मांडून बघतो.

निम्मी गोधडी झाली आहे. सकाळी ऊन आलं की तिला दाराशी खुर्चीवर बसवतो आणि शेजारी खाली बसून शिवतो. कापडाचं एक टोक तिच्या मांडीवर असतं. ती ते हातात धरते, कधी बोटाला गुंडाळते. मी बोलत असतो. कुणाचं भात कसं पिकलं, धसईला भाजी कशी होती, मुलगी काय म्हणाली. साडेअकरा वाजले की सुई कापडात टोचून ठेवतो, हात धुतो आणि तिची पेज गरम करायला उठतो.